मोटार प्रशिक्षण संस्थेची निवड : ग्राहक, बाजार आणि नियमन

लखनौच्या जुन्या शहरातील चौक हा भाग शतकानुशतके बाजारपेठ म्हणून ओळखला जातो. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या दरम्यानच्या अरुंद रस्त्यावर चिकनकारीचे कापड, अत्तरे आणि हिवाळ्याच्या सकाळी मिळणारी 'मक्खन मलाई' यांची विक्री होते. लखनौच्या चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. याच भागात राहणाऱ्या एखाद्या तरुणाला मोटार चालवण्यास शिकायचे असेल, तर त्याला आणखी एका बाजारात उतरावे लागते. तो बाजार मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा होय. या बाजारातील खरेदी कापडाच्या खरेदीपेक्षा मूलतः वेगळी आहे. तिचा विचार केल्यास सूक्ष्म अर्थशास्त्रातील काही महत्त्वाच्या संकल्पना आणि रस्ते सुरक्षेचे धोरण या दोहोंचा अभ्यास एकत्र साधतो.

वस्तूंचे तीन प्रकार

फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार मांडले. ज्या वस्तूचा दर्जा खरेदीपूर्वीच पाहून कळतो, ती 'शोध वस्तू'. चिकनचे कापड उलटे करून टाका तपासता येतो. म्हणून ते बहुतांशी या प्रकारात मोडते. ज्या वस्तूचा दर्जा वापरल्यावरच कळतो, ती 'अनुभव वस्तू'. मक्खन मलाईची चव खाल्ल्यावरच समजते. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसरा प्रकार दाखवून दिला. ज्या सेवेचा दर्जा वापरल्यानंतरही ग्राहकाला नीट कळत नाही, ती 'विश्वास वस्तू'.

वाहनचालनाचे प्रशिक्षण या तिसऱ्या प्रकाराच्या अगदी जवळचे आहे. नवशिक्याला क्लच आणि गिअर सांभाळता येऊ लागले की आपण शिकलो असे वाटते. आरशात पाहण्याची सवय, पुढील वाहनापासून राखायचे अंतर, पादचाऱ्याच्या हालचालीचा अंदाज या गोष्टी शिकवल्या गेल्या की नाहीत, हे मात्र त्याला समजत नाही. ही उणीव लक्षात येते ती एखाद्या बिकट प्रसंगी, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

कमी फीची स्पर्धा

विक्रेत्याला माहिती आहे आणि ग्राहकाला नाही, या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन तिचे परिणाम स्पष्ट केले. या कामासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले. ग्राहकाला दर्जा ओळखता येत नसेल, तर तो केवळ किमतीवर निवड करतो. मग अधिक तास शिकवणारी, चांगले प्रशिक्षक ठेवणारी संस्था आपला वाढीव खर्च वसूल करू शकत नाही आणि हळूहळू बाजारातून बाहेर पडते. यालाच प्रतिकूल निवड असे नाव आहे.

यात दुसऱ्या दोषाची भर पडते. कच्च्या चालकाच्या चुकीची किंमत केवळ त्यालाच मोजावी लागत नाही. ती पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार यांनाही मोजावी लागते. हा नकारात्मक बाह्य परिणाम होय. शिकणारा स्वतःच्या लाभापुरताच विचार करतो, म्हणून समाजाला आवश्यक असलेल्या प्रशिक्षणापेक्षा कमी प्रशिक्षण विकत घेतले जाते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी २२,५९५ मृत्यू उत्तर प्रदेशात आणि १५,२२४ महाराष्ट्रात झाले. यांतील प्रत्येक मृत्यूला अपुरे प्रशिक्षण कारणीभूत आहे असे म्हणता येणार नाही. रस्त्याची रचना, वेग, वाहनाची स्थिती हीही कारणे असतात. तरीही प्रशिक्षणाचा दर्जा हा खाजगी आवडीनिवडीचा विषय नाही, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

परवाना आणि कौशल्य

नवशिक्या प्रत्यक्षात काय विकत घेतो, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. मरियान बर्ट्रांड, सिमियॉन जान्कोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुलैनाथन यांनी दिल्लीत केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. परवाना मिळवू इच्छिणाऱ्या ८२२ व्यक्तींचे तीन गट करण्यात आले. एका गटाला परवाना लवकर मिळवल्यास रोख बक्षीस देऊ केले, दुसऱ्याला वाहनचालनाचे मोफत धडे दिले आणि तिसरा गट तुलनेसाठी ठेवला. परवाना मिळाल्यानंतर संशोधकांनी स्वतंत्र चाचणी घेतली. परवानाधारकांपैकी सुमारे ७१ टक्के व्यक्तींनी परवान्याची चाचणी दिलेलीच नव्हती आणि ६२ टक्के व्यक्ती स्वतंत्र चाचणीनुसार वाहन चालवण्यास अपात्र ठरल्या. अनेकांनी मध्यस्थांची मदत घेतली होती. कार्यालयातील चाचणीत अनुत्तीर्ण होण्याचा चालवण्याच्या कौशल्याशी फारसा संबंध दिसला नाही. त्यामुळे चांगले चालवणाऱ्यांनाही मध्यस्थाकडे जाणे सोयीचे वाटत होते.

हा प्रयोग त्या काळच्या दिल्लीपुरता होता. त्यानंतर अनेक ठिकाणी संगणकीकृत अर्जपद्धती आणि स्वयंचलित चाचणी मार्ग आले आहेत. तरीही त्याचा मुख्य धडा टिकून आहे. परवाना आणि कौशल्य या दोन भिन्न वस्तू आहेत. कौशल्य न तपासता परवाना मिळू शकत असेल, तर बाजार कौशल्याऐवजी परवानाच विकू लागतो. म्हणून संस्था निवडताना 'परवाना किती दिवसांत मिळेल' हा प्रश्न दुय्यम मानून 'प्रत्यक्ष चालवण्याचे तास किती' हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

नियमांनी दृश्य केलेला दर्जा

माहितीची विषमता कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे अदृश्य दर्जाची काही चिन्हे कायद्याने दृश्य करणे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२ नुसार प्रशिक्षण संस्थांचे नियमन केंद्र सरकार करू शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ ते ३१ त्यासाठी आहेत. ते लखनौच्या चौकात आणि पुण्याच्या पेठेत सारखेच लागू होतात. ग्राहकाने पुढील बाबी तपासाव्यात.

१. संस्थेचा परवाना : तो नमुना ११ मध्ये असतो आणि पाच वर्षांसाठी वैध असतो. मूळ परवाना दर्शनी भागी लावलेला असावा.

२. वाहन : शिकवण्याच्या मोटारीला दुहेरी नियंत्रण, म्हणजे प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असणे आवश्यक आहे.

३. प्रशिक्षक : किमान दहावी उत्तीर्ण, वाहनचालनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार दुरुस्तीविषयक पात्रता अपेक्षित आहे.

४. कालावधी : हलक्या मोटार वाहनासाठी प्रशिक्षण नोंदणीपासून २१ दिवसांपेक्षा कमी नसावे आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास १० पेक्षा कमी नसावेत.

५. नोंदी : नमुना १४ मध्ये प्रशिक्षणार्थींची नोंदवही आणि नमुना १५ मध्ये प्रत्येकाच्या चालवण्याच्या तासांची नोंद ठेवावी लागते. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नमुना ५ मधील प्रमाणपत्र दिले जाते.

६. आश्वासन : नियमबाह्य मार्गाने परवाना मिळवून देऊ, असा समज करून देण्यास संस्थेला मनाई आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. त्यामुळे शिकाऊ परवान्यानंतर आठ दिवसांत पक्का परवाना देण्याचे आश्वासन हाच सावधगिरीचा इशारा समजावा.

तासांचा हिशेब

'प्रत्यक्ष चालवण्याचे तास' या शब्दांचे महत्त्व साध्या गणिताने लक्षात येते. रोज अर्धा तास याप्रमाणे २१ दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणजे अट जेमतेम पूर्ण होते. पंधरा दिवसांच्या अभ्यासक्रमात साडेसातच तास मिळतात. मोटारीत एकाच वेळी तीन शिकाऊ बसवून एक तासाची फेरी मारली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २० मिनिटे येतात आणि २१ दिवसांत केवळ सात तास होतात.

म्हणून फीची तुलना एकूण रकमेवर न करता ताशी दराने करावी. समजा, एक संस्था साडेसात तासांसाठी ४,५०० रुपये घेते आणि दुसरी ११ तासांसाठी ५,५०० रुपये घेते. पहिली स्वस्त भासते. परंतु तिचा ताशी दर ६०० रुपये आणि दुसरीचा ५०० रुपये पडतो.

तासांइतकेच महत्त्व मार्गाला आहे. चौकासारख्या भागातील रहिवाशाला दररोज ई-रिक्षा, हातगाड्या आणि पादचारी यांच्या गर्दीतून वाट काढावी लागणार असते. त्याला पहाटेच्या मोकळ्या, रुंद रस्त्यावरच शिकवले, तर प्रशिक्षण आणि गरज यांचा मेळ बसत नाही. सुरुवात मोकळ्या जागी आणि नंतर टप्प्याटप्प्याने गर्दी, चढ, मागे घेणे व वाहन उभे करणे असा क्रम असावा. फी, तास आणि मार्ग लेखी घ्यावेत. सेवेत त्रुटी आढळल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मान्यताप्राप्त केंद्रांचा प्रयोग

१ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांविषयीचे नियम लागू झाले. या केंद्रांत चाचणी मार्ग आणि सिम्युलेटर आवश्यक आहेत. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा असून त्यात आठ तास सैद्धांतिक आणि २१ तास प्रात्यक्षिक असतात. तो यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. नियम २४ खालील सर्वसाधारण संस्थेच्या नमुना ५ मधील प्रमाणपत्राने मात्र ही सूट मिळत नाही. दोन प्रकारच्या संस्थांतील हा फरक ग्राहकाने ध्यानात ठेवावा.

या व्यवस्थेत तासांची संख्या वाढते, हा लाभ आहे. मात्र शिकवणारा आणि उत्तीर्ण ठरवणारा एकच असल्याने नैतिक धोक्याची शक्यताही निर्माण होते. तिच्यावर उपाय म्हणजे नियमित तपासणी आणि प्रशिक्षितांच्या पुढील कामगिरीची माहिती खुली करणे. कोणत्या संस्थेचे किती विद्यार्थी पहिल्याच चाचणीत उत्तीर्ण झाले, हे परिवहन कार्यालयांनी प्रसिद्ध केल्यास विश्वास वस्तूचे रूपांतर काही अंशी शोध वस्तूत होईल. चाचणी खरी असेल तरच अशा माहितीला अर्थ राहील, हे वेगळे सांगावयास नको. जिथे चाचणी प्रामाणिक असते, तिथे प्रशिक्षणाला मागणी निर्माण होते आणि चांगली संस्था टिकून राहते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शोध, अनुभव आणि विश्वास वस्तू यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. वाहनचालन प्रशिक्षणाच्या बाजारात सरकारी नियमन का आवश्यक ठरते? बाह्य परिणामांच्या संदर्भात चर्चा करा.
३. प्रशिक्षण आणि चाचणी एकाच संस्थेकडे सोपवण्याचे लाभ व धोके सांगा.