पुरे कधी म्हणावे

चि. श्रीधर यास,


तुझे सविस्तर पत्र पावले. दिवाणखान्यातील मांडण्या भरून तबकड्यांची रीघ आता पलंगाखाली पोचली आहे, एल्प्यांची संख्या हजारास टेकली आहे, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या निराळ्याच तीनशेच्या घरात आहेत, आणि चि. सौ. वैशालीने परवा ‘ह्याला काही अंत आहे का’ असा साधाच पण वर्मी लागणारा सवाल केला, ही सारी हकीकत वाचून मला हसू आले. कारण संग्रह पुरेसा झाला असे कोणत्या टप्प्यावर समजावे, हा जो प्रश्न तू मजकडे रीतसर पाठविला आहेस, त्याचा मूळ मसुदा तिचाच आहे. माझी उभी नोकरी जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे काय ठेवावे आणि काय काढून टाकावे याच विवंचनेत गेली, आणि फावला वेळ गाणे ऐकण्यात गेला. तेव्हा या बाबतीत चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे असे धरून चालतो.

प्रथम हिशेब. रसिकतेच्या प्रांतात मामाने त्रैराशिक आणले म्हणून नाक मुरडू नकोस. एका एल्पीच्या दोन्ही बाजू मिळून सरासरी ४० मिनिटे धरली, तर हजार एल्प्या एकेकदा ऐकून होण्यास सुमारे ६६७ तास लागतात. तू सकाळी आठास घर सोडतोस आणि रात्री आठास परततोस. आठवड्याकाठी तीन तास तुला निवांत मिळतात असे उदार मनाने मानले, तरी ही एक फेरी पुरी होण्यास सव्वाचार वर्षे हवीत. आणि किशोरीताईंची, एका बाजूस भूप व दुसऱ्या बाजूस बागेश्री असलेली एल्पी कोणी सव्वाचार वर्षांत एकदाच ऐकत नाही. ज्या थोड्या तबकड्यांकडे मन पुनःपुन्हा ओढ घेते त्यांनी निम्मा वेळ घेतला, आणि तो त्या घेणारच, तर आज विकत आणलेल्या नव्या तबकडीची पाळी साडेआठ वर्षांनी येण्याचा संभव आहे. तोवर ती पलंगाखालीच.

जागेचा हिशेबही त्यातलाच. एका फुटाच्या मांडणीत सत्तर-ऐंशी एल्प्या बसतात आणि शंभर एल्प्यांचे वजन जॅकेटांसकट वीस-पंचवीस किलो भरते; म्हणजे चार फुटांची एक फळी साठ-सत्तर किलोंचा भार सोसते, आणि सुताराने पुस्तकांच्या अंदाजाने केलेली फळी मध्ये वाकू लागली तर दोष त्याचा नव्हे. एल्प्या आडव्या रचून ठेवल्या असशील तर आजच उभ्या कर. ढिगाच्या वजनाने तळाच्या तबकड्यांना बाक येतो, आणि बाकदार तबकडीवर सुई गलबतासारखी हेलकावे खाते.

परंतु केवळ तासांच्या आणि किलोंच्या हिशेबाने हद्द ठरती, तर तुझ्या अठ्ठ्याहत्तरच्या तीनशे तबकड्यांविषयी बोलायलाच नको होते. त्यांच्या दोन्ही बाजू मिळून जेमतेम सहा-सात मिनिटे भरतात आणि सबंध संचय एका आठवड्याच्या रजेत कानाखालून जाऊ शकतो. पण त्या तबकड्या वेगळ्याच प्रकारे वेळ मागतात. लाखेपासून बनलेली ती जड, ठिसूळ वस्तू हातात दोन्ही कडांनी धरावी लागते. तिच्या रुंद खाचेस एल्पीची बारीक सुई चालत नाही, निराळी लागते. स्पिरिटचा बोळा फिरवला तर लाख विरघळून सूर कायमचा पुसला जातो. आणि दर तीन मिनिटांनी उठून बाजू उलटावी लागते. त्या बदल्यात ती काय देते ते पाहा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी लाव, आणि बैठकीत ज्या गायकाला तासभर कमी पडावा त्याने तीन-साडेतीन मिनिटांच्या चौकटीत पसारा कसा आवरला आहे, कोणती जागा घेतली आणि कोणती नुसती सूचित करून सोडली, हे लक्षपूर्वक ऐक. मग मधल्या कोऱ्या भागात, लेबलाच्या कडेशी कोरलेला बारीक क्रमांक भिंगाने वाच, लेबलावर नाव कसे छापले आहे ते पाहा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा तबकड्या हानोव्हरला दाबल्या जात, आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे म्हणून शेवटी तिने स्वतःचे नाव उच्चारून ठेवले. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाल्यावरही ही चाल काही काळ राहिली. पुढे कुलीन घरच्या मुली गाऊ लागल्या तेव्हा, आपण पेशेवर नव्हे हे जगास कळावे म्हणून, त्यांच्या नावापुढे ‘अमॅच्युअर’ असा शब्द छापला जाई. एका लेबलावर समाजाची केवढी शिरगणती आहे! हे सर्व पाहण्यास सवड हवी, आणि तीनशे तबकड्यांपैकी किती तू अशा पाहिल्या आहेस, हे तुझे तूच सांग.

आता तुझ्या पत्रातील ज्या एका वाक्याने मी थबकलो, त्याकडे येतो. मास्टर दीनानाथांची एक तबकडी जुन्या बाजारात रविवारी मोठ्या घासाघिशीनंतर घेतलीस आणि घरी येऊन पाहतोस तो तीच तबकडी मांडणीत अगोदरच हजर, असे तू गंमत म्हणून लिहिले आहेस. मला ती गंमत वाटत नाही. दुकानदारापुढे उभे राहून ‘ही आपल्याकडे आहे की नाही’ याचे उत्तर ज्या दिवशी देता येईनासे होते, त्या दिवशी संग्रह मालकाच्या स्मरणातून बाहेर गेलेला असतो. आणि खासगी माणसाच्या संग्रहाची खरी हद्द, माझ्या मते, त्याची भिंत नव्हे, खिसा नव्हे, तर हे स्मरण होय. संस्थेची गोष्ट वेगळी. तिला स्मरण नसते, सूची असते, आणि ती सूची सांभाळण्यासाठी पगारी माणूस नेमलेला असतो. तुझ्या घरी असा इसम नाही, आणि वैशालीस तू त्या जागेवर नेमू पाहशील तर ती राजीनामा देईल.

हे खरे, की शोधाचा आनंद ऐकण्याच्या आनंदाहून निराळा आणि कित्येकदा अधिक तीव्र असतो. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर धुळीने माखलेला गठ्ठा उपसताना अचानक हिराबाई बडोदेकरांचे नाव बोटाखाली यावे, त्या क्षणाची चटक लागते हे मला ठाऊक आहे. मी त्यास व्यसन म्हणणार नाही, पण तो छंद निराळा आहे आणि त्याचा जमाखर्च निराळा मांडावा, एवढाच माझा आग्रह. त्याहून घातक, ‘संच पुरा करणे’. बालगंधर्वांच्या झाडून साऱ्या तबकड्या जमविण्याचा संकल्प तू केला आहेस. तो संशोधकास शोभतो, कारण पहिल्या तबकडीपासून अखेरच्या तबकडीपर्यंत आवाज कसा बदलला हे त्याला पाहायचे असते. तुला ते पाहायचे आहे काय? नसेल तर, कंपनीने एके काळी छापलेल्या क्रमांकांच्या फर्दीतील रिकामे रकाने भरण्याचे काम तू त्या कंपनीच्या वतीने, विनावेतन, पदरमोड करून चालविले आहेस असे होईल.

आमच्या कचेरीत शिरस्ता असा असे की प्रत्येक प्रकरण निकाली निघाले की त्यास वर्ग लावायचा: ‘अ’ म्हणजे कायम ठेवण्याचे, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे, ‘क’ म्हणजे दहा वर्षे, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करण्याचे. वर्ग लावताना कागद किती जाड आहे, शिक्का किती सुबक आहे, यांचा विचार होत नसे. उद्या हा कागद कोण मागणार, एवढाच विचार होई. हा शिरस्ता तू तबकड्यांस लावून पाहा. ज्यांनी तुझा कान घडविला त्या, किंमत काहीही असो, ‘अ’ वर्गात. ज्या पुढेमागे तू खरोखर मागशील, मनःस्थिती, ऋतू, पाहुणे यांपैकी कशाच्या ना कशाच्या निमित्ताने, त्यांना मुदत दे. आणि ज्या केवळ स्वस्त मिळाल्या म्हणून, किंवा जॅकेट देखणे आहे म्हणून, किंवा दुसरा कोणी घेईल या भयाने घेतल्या, त्या कोणत्या वर्गात पडतात हे मी सांगावयास नको. नष्ट मात्र काहीही करू नकोस. कागद जाळता येतो, तबकडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. एक नवी आली की एक जुनी बाहेर, हा नियम पुष्कळ जण सांगतात. तो वाईट नाही, पण यांत्रिक आहे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, दमट हवेने जॅकेटांवर बुरशी आली आहे का हे पाहण्यासाठी प्रत्येक तबकडी बाहेर काढावी लागतेच; त्याच वेळी वर्ग लावत जावे. आणि ज्या वर्षी ही निगा सर्वांची राखणे जमले नाही, त्या वर्षी जितक्या तशाच राहून गेल्या तितक्या तुझ्याकडे जास्त आहेत असे खुशाल समज.

येथे तू हटकशील. ‘मामा, सर्वांनी असे केले असते तर केसरबाई अंतराळात गेल्या असत्या का?’ प्रश्न रास्त आहे. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सोडली तेव्हा त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ताम्रतबकडी बसविली. पंचावन्न भाषांतील शुभेच्छा तिच्यावर आहेत, त्यांत आपली मराठी आहे, आणि सबंध मानवजातीच्या संगीतातून सत्तावीसच रचना, सारे मिळून नव्वद मिनिटे. कार्ल सेगन यांच्या मंडळाने ही निवड केली, आणि भारताच्या वाट्यास आलेली एकमेव जागा गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीस मिळाली. ध्वनिमुद्रणाविषयी आयुष्यभर नाखूश असलेल्या या मानी गायिकेस! त्या भैरवीची तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या तीन प्रती सापडल्या. म्हणजे कोणीतरी न विकला जाणारा माल टेबलाखाली ढकलून ठेवला होता म्हणून कार्यभाग साधला, हे मी मान्य करतो, आणि तुझ्या पलंगाचे समर्थन यातून निघते हेही मान्य करतो. पण त्याच गोष्टीचे दुसरे अंग पाहा. पृथ्वीवरील सर्व संगीत ज्यांच्यापुढे होते त्यांना नव्वद मिनिटांत बसवायचे होते, आणि त्या तंग जागेमुळेच प्रत्येक रचनेविषयी त्यांना वाद घालावा लागला, कारण द्यावे लागले, एक घेताना दुसरी सोडावी लागली. तुझ्या हजार तबकड्यांतील कितींसाठी तू असा वाद घातला आहेस?

यावरून मला जे सुचवायचे आहे ते हे, की तुझ्या घरात वस्तुतः दोन संग्रह एकमेकांत मिसळून पडले आहेत आणि त्यांना एकच नियम लावू पाहतोस म्हणून घोटाळा होतो. एक श्रोत्याचा, तो लहान असावा, आणि तुझ्या बाबतीत दोन-अडीचशे एल्प्यांच्या वर जाण्याचे मला कारण दिसत नाही. दुसरा विश्वस्ताचा; तुझ्या तीनशे जुन्या तबकड्यांत अशा काही निघतील की ज्यांच्या प्रती फारशा उरल्या नाहीत, आणि त्या तुला आवडतात की नाही हा प्रश्नच गौण आहे. त्यांवर तुझी मालकी नाही, ताबा आहे. त्यांची फर्द कर: कलावंत, राग, लेबल, क्रमांक, कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, भेग असल्यास तीही. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ हे जाणकारांचे मंडळ आहे, सुरेश चांदवणकरांसारख्यांनी त्यात उमेदीची वर्षे घातली. बंगळूरला विक्रम संपत यांनी जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून सर्वांस खुल्या करण्याचा उद्योग आरंभिला. ज्याचा आवाज असा सुरक्षित झाला आहे, त्याची दुसरी-तिसरी प्रत उराशी धरण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्याचा झालेला नाही, त्याची वर्दी देणे तुझे कर्तव्य आहे. आणि ही तजवीज हातीपायी धड असताना करावी. संग्राहकाच्या पश्चात वारसांनी तबकड्या वजनावर विकल्याच्या हकीकती मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यात वारसांचा दोष मला कधीच दिसला नाही, कारण काय मोलाचे आहे हे त्यांना कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

तेव्हा दिवाळीपर्यंत खरेदी तहकूब ठेव, फर्द पुरी कर, आणि ती घेऊन इकडे ये. तबकड्या आणू नकोस, माझी मांडणी भरलेली आहे. फर्दीत एक रकाना वैशालीसाठी राख. तिला कोणत्या तबकड्या हव्या आहेत, हे चार पानी पत्रात तू कोठेच लिहिलेले नाहीस, आणि ‘अ’ वर्ग लावण्याचा तिचाही अधिकार आहे. मामीने तिला मुद्दाम आशीर्वाद सांगितले आहेत. चि. बाळास गोड पापा.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा