राब, पाऊस आणि शेतातील माती
(इयत्ता चौथीसाठी पाठ-टिपण)

हेतू : मातीचा कस टिकणे वा जाणे हे पावसाप्रमाणेच आपल्या कामाच्या रीतीवरही अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास आणून देणे.

विवेचन : मुरबाड-शहापूरकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल जुनी आहे. टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण पसरून पावसापूर्वी भाजतात. त्यायोगे तणाचे बी जळते, राखेतील पालाश मिळतो व रोप जोमदार येते. यास्तव या चालीस वर्गात अडाणीपणा म्हणू नये. कित्येक मुलांचे वडील हेच करीत असतात.

तथापि दुसरी बाजूही दाखवावी. जो पाला कुजून मातीचा कस वाढविता, तो जळतो; त्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर जाते. पुढे चिखलणीने मातीचे कण सुटे होतात. अशात अतिवृष्टी झाली व बांध फुटला, म्हणजे वरचा सुपीक थर काळू-भातसा नद्यांवाटे खाडीस मिळतो. तो पुन्हा तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. तापलेली हवा अधिक बाष्प धरते. म्हणून थोड्या वेळात फार पाऊस कोसळण्याचा धोका वाढत आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो अतिवृष्टी कशी असते याचा दाखला म्हणून सांगावा.

उपायाचे उदाहरण शेजारीच आहे. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र विकसित केले. त्यात कायम गादीवाफ्यांवर भात टोकतात. राब, चिखलणी व लावणी टळते. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहून कुजतात व गांडुळे वाढतात. तणासाठी मात्र तणनाशक वापरले जाते, ही उणीवही सांगावी.

प्रात्यक्षिक : एका टोकास खाच पाडलेले दोन पसरट डबे घ्यावेत. दोहोंत सारखीच माती भरून एकीवर वाळले गवत पसरावे. दुसरे टोक विटेवर टेकवून दोहोंवर झारीने एकेक तांब्या पाणी घालावे. खाचेतून येणारे पाणी काचेच्या पेल्यांत धरून पेले रात्रभर ठेवावेत व तळाचा गाळ मुलांकडूनच मोजवावा.

प्रश्न :
1. कोणत्या पेल्यात गाळ अधिक? का?
2. राबाने काय मिळते व काय जाते?
3. आपल्या शेताचा बांध गेल्या पावसाळ्यात कोठे फुटला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी विचारून आणावे. पाठ घरापर्यंत पोहोचला, तरच तो शिकविल्याचे सार्थक होईल.