दुचाकीचा पुढील फोर्क व गाडीचें वळण

वडूजहून सातारच्या वाटेनें जातांना पुसेगांवापुढें वर्धनगडचा घाट लागतो. घाटाच्या वळणावर मोटारसायकल स्वाराच्या इच्छेप्रमाणें वळते, आणि सरळ रस्त्यावर हात हलका ठेविला तरी आपली वाट सोडीत नाहीं. हे दोन्ही गुण मुख्यतः पुढील चाकाच्या मांडणींत साठविलेले असतात. पुष्कळ तरुण हौसेनें दुसऱ्या गाडीचा फोर्क आपल्या गाडीस बसवितात, किंवा ती ऐटदार दिसावी म्हणून तिचें तोंड खालीं आणवितात. अशा बदलानें काय घडतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम एक सोपा प्रयोग करूं. सायकल सरळ उभी करा. हँडलचा दांडा ज्या तिरप्या नळींत फिरतो, तिच्या रेषेंत एक काठी धरून जमिनीपर्यंत न्या आणि ती टेकेल तेथें खडूची खूण करा. मग पुढील चाकाच्या आंसापासून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. ही दुसरी खूण पहिलीच्या मागें पडेल. या दोहोंमधील अंतरास ट्रेल म्हणतात. चाक जमिनीस जेथें टेकतें, तो बिंदु वळण्याच्या रेषेच्या मागून ओढला जातो. म्हणून चाक गतीच्या दिशेस येऊं पाहतें. दवाखान्यांतील खाट ढकलतांच तिचीं छोटीं चाकें फिरून मागें येतात, तें याच कारणानें.

ट्रेल तीन गोष्टींवर अवलंबून असतो: चाकाची त्रिज्या, नळीचा उभ्या रेषेशीं होणारा कोन, आणि आंस त्या नळीच्या रेषेपुढें किती काढलेला आहे तें अंतर. त्रिज्येस कोनाच्या टॅन्जंटनें गुणावें, आंसाच्या अंतरास त्याच कोनाच्या कोसाइननें भागावें, व पहिल्या उत्तरांतून दुसरें वजा करावें.

समजा, त्रिज्या ३० सें.मी., कोन २६ अंश व आंसाचें अंतर ४.५ सें.मी. आहे. मग ट्रेल सुमारें ९.६ सें.मी. येतो. आतां फोर्कच्या नळ्या टीमध्यें वर सरकवून गाडीचें तोंड ४.५ सें.मी. खालीं आणिलें. दोन्ही चाकांमधील अंतर १३० सें.मी. असल्यास कोन सुमारें दोन अंशांनीं घटतो आणि ट्रेल ८.४ सें.मी. उरतो. गाडी चटकन् वळूं लागते, हें खरें. परंतु वेगांत एखाद्या खड्ड्याचा धक्का बसतांच हँडल थरथरण्याचा संभव वाढतो. शिवाय उतारावर ब्रेक दाबला कीं फोर्क आणखी दबतो व ट्रेल त्या क्षणीं अधिकच घटतो.

उलट लांब फोर्क घातल्यास कोन व ट्रेल दोन्ही वाढतात. गाडी सरळ रस्त्यावर निश्चल राहते, पण बाजाराच्या गर्दींत हळू चालवितांना हँडल जड होऊन एका बाजूस कलूं लागतें. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. आंस पुढें नेल्यानें ट्रेल वाढत नाहीं, तर कमी होतो.

पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीनें २००१ सालीं पल्सर व २००५ सालीं ॲव्हेंजर बाजारांत आणिली. पल्सरचा फोर्क त्या मानानें उभा, तर ॲव्हेंजरचा बराच तिरपा. यांत चूक कोणतीच नव्हे. प्रत्येक गाडीचा सांगाडा, चाकें व फोर्क एकमेकांस धरून आंखलेलीं असतात. एकीचा अवयव दुसरीस लाविला कीं तो मेळ मोडतो.

डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें कोणासही चालवितां येणार नाहीं अशी सायकल बनविण्याचा उद्योग केला, व १९७० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढील चाकाच्या गरगर फिरण्याचा परिणाम त्यानें दुसरें उलट फिरणारें चाक लावून नाहींसा केला, तरी ती सायकल चालली. पण आंस पुष्कळ पुढें नेल्यावर मात्र ती आवरणें फार कठीण झालें. पुढें २०११ सालीं नेदरलंड्स व अमेरिका येथील संशोधकांनीं ट्रेल किंचित् उलट असूनही आपला तोल आपण सांभाळणारी दुचाकी करून दाखविली. त्यांनीं तिच्यांत वजनाची मांडणी विशेष रीतीनें केली होती. यावरून ट्रेल हेंच सर्वस्व नव्हे, वजनही तितकेंच महत्त्वाचें, हें सिद्ध होतें. फोर्क बदलतांना वजनाची वांटणीही बदलते, हें हौशी मनुष्य विसरतो.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलानें असा बदल मागितल्यास केवळ खर्चाचा प्रश्न विचारूं नये. कोन किती बदलणार, ट्रेल किती उरणार, फोर्क पुरा दबल्यावर चाक टीस किंवा मडगार्डास घासणार कीं काय, हें त्याजकडून मोजून घ्यावें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास सामान्यतः मनाई आहे, हेंही त्यास सांगावें. वर्गांत शिकलेली त्रिकोणमिति काय उपयोगाची, असें पुष्कळ विद्यार्थी विचारतात. दोन अंशांच्या फरकानें घाटांतील गाडीचें वर्तन पालटतें, हें त्याचें एक उत्तर आहे.