रुमाल सोडताना

पुण्यात कौन्सिल हॉलजवळ एक जुनी दगडी इमारत आहे. सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार, पण तिथे जाऊन बसणारे आम्ही सगळे तिला पेशवे दप्तरच म्हणतो. १८९१ साली बांधून झालेल्या या इमारतीत सुमारे ३९,००० रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. एकेकात शेकडो कागद, बहुतेक मोडी लिपीतले. गेली काही वर्षं मी तिथे जातो. वाचून झालं ते कणभर आहे. त्या कणातून मनात जे उतरलं, ते इथे मांडतो.

१. इतिहास जपावा म्हणून हे कागद कुणी जपले नव्हते. पेशव्यांच्या फडावर ते लिहिले गेले ते राज्याचा हिशोब ठेवायला. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यांना त्याची गरज होती, कारण कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं नाही, याचा पुरावा याच कागदांत होता. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले, दावे तपासले गेले आणि कित्येक घराण्यांच्या जमिनी गेल्या. ही इमारतसुद्धा सारामाफीच्या जमिनींचं काम पाहणाऱ्या एलिएनेशन ऑफिससाठी उभी राहिली. ज्या चौकशीनं अनेकांना उघड्यावर आणलं, तिच्यासाठीच हे कागद सांभाळले गेले आणि म्हणून आपल्यापर्यंत पोचले. हे कळल्यापासून माझ्या कृतज्ञतेत थोडी बोचणीही असते.

२. मोडीला घाई चालत नाही. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला टांगत जाई. लेखणी शक्यतो उचलायची नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. मुळाक्षरं थोड्या दिवसांत येतात. पण प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं, त्यामुळे नवा हात समोर आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिथल्या एका जाणत्या वाचकांनी मला सांगितलं होतं, ‘‘अक्षर वाचू नका, मजकूर वाचा.’’ विषय काय आहे, कोण कुणाला लिहितंय, पैसे यायचे आहेत की द्यायचे, एवढं ध्यानात आलं की अडलेला शब्द आपसूक उलगडतो. समोरच्याचं म्हणणं समजून घेण्याची ही शिस्त मला एरवीही उपयोगी पडते.

३. पेशवाईतलं वर्ष आपल्या वर्षाबरोबर सुरू होत नव्हतं. कागदाच्या माथ्यावर शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत आणि एककाकडून हजाराकडे जाणारा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. हे पानिपतचं साल. शाळेपासून माझ्या डोक्यात १४ जानेवारी १७६१ ही एकटी तारीख होती. दप्तरात मात्र ते वर्ष १७६० च्या मृग नक्षत्राला सुरू होतं. फौज तेव्हा चंबळच्या आसपास होती आणि इथे देशावर माणसं पेरणीच्या तयारीत होती. रणातल्या पत्रावर आणि गावच्या हिशोबावर सन एकच. ते दोन कागद मनात शेजारी ठेवल्यावर मला पानिपत पहिल्यांदा घरातल्या गोष्टीसारखं जवळचं वाटलं.

४. लढाया थोड्या आणि हिशोब फार. मी ज्या आशेनं गेलो होतो तिला हा धक्काच होता. रोजकिर्दी, अजमास, ताळेबंद. पागेतल्या घोड्यांचा दाणा, किल्ल्यांची बेगमी, शिलेदारांना आगाऊ दिलेली नालबंदी, श्रावणातली दक्षिणा. हळूहळू कळलं की मोहिमेचा जीव याच आकड्यांत असतो. थोरल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचा जाच किती तळमळीनं आला आहे, हे इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. आता कुठल्याही विजयाचं वर्णन वाचताना दाणा-वैरण कुठून आली, सावकार कोण होता, हे प्रश्न मला आधी पडतात.

५. साधा माणूस दप्तरात येतो तो देण्याघेण्याच्या निमित्तानं. पीक बुडालं म्हणून साऱ्यात सूट मागायला. बैल-बियाण्यासाठी तगाई घ्यायला. पडीक जमीन लागवडीला आणायची तर इस्ताव्याचा कौल घ्यायला, म्हणजे पहिल्या वर्षी सारा हलका आणि पुढे वर्षागणिक वाढत पुऱ्या दरापर्यंत. ओसाड गावात रयत परत यावी म्हणून राज्य अशी बोली करत होतं, हे वाचून आनंद होतो. पण याच हिशोबांत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदीही येते. माणसाचं नाव आणि पुढे किंमत. तिला काय वाटलं ते कुठेच नाही, कारण ते लिहिण्याचं कलम कुठल्याच वहीत नव्हतं. अशा ओळीपाशी मी थांबतो. दप्तर किती बोलतं याचा अभिमान बाळगताना ते कुणाला बोलू देत नाही, हेही सांगायला हवं असं मला वाटतं.

६. निवडलेलं वाचणं वेगळं आणि दप्तर वाचणं वेगळं. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून वेचे काढले. पुढे बडोद्याची नोकरी संपवून आलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. एवढ्या थोड्या वर्षांत एवढं काम कसं झालं असेल, या विचारानं आजही मान लवते. त्यांच्या पिढीला मुख्यतः राज्य कसं वाढलं आणि कसं बुडालं हे जाणून घ्यायचं होतं, आणि निवड त्या ओढीतून झाली. आज आपल्याला पाऊस, धान्याचे भाव, पाणी, जाती, बायकांचं जगणं यांविषयी विचारायचं आहे. त्याची उत्तरं अजून न छापलेल्या कागदांत पडून आहेत.

७. कागद टिकला म्हणजे काम झालं असं नाही. हातकागद आणि काजळाची शाई यांची जोडी विलक्षण आहे. अडीचशे वर्षांनंतरही अक्षर काळंभोर दिसतं. ओल, कसर आणि आपले बेफिकीर हात हे त्याचे वैरी. स्कॅनिंगनं कागदावरचा ताण कमी होतो, म्हणून ते व्हायलाच हवं. पण न वाचलेल्या कागदाचं चित्र काढलं तरी तो न वाचलेलाच राहतो. आज खरी टंचाई आहे ती मोडी सहज वाचणाऱ्या माणसांची. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. त्यातल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडे मी मोठ्या आशेनं पाहतो.

८. दप्तर या दगडी भिंतींशी संपत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो वाईतल्या एका घरात सापडलेल्या कागदांवर. अशी घरं अजून आहेत. तुमच्या माळ्यावरच्या पेटीत, देवघराच्या फळीवर, एखादं मोडी पुडकं असेल. ते रद्दीत घालू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. त्याचे फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. निघेल कदाचित नुसती जमिनीची वाटणी किंवा कुणाचं कर्जखत. तेही हवं आहे, कारण सरकारी दप्तरात तुमच्या घराची एकच बाजू असते. आणि जमलं तर स्वतः मोडी शिका. दोघं शेजारी बसून वाचू लागले की एकट्याला दिवसभर अडलेली ओळ पुष्कळदा लगेच सुटते, हा माझा रोजचा अनुभव आहे. ३९,००० रुमालांसमोर आपण जितके जास्त असू तितकं बरं.