रेशमी कोंबडी आणि पाऊस

मुलांनो, कोंबडीचे पीस हातात घेऊन तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? एक पीस घ्या. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक तंतू दिसतील. ते उलट्या दिशेने ओढा. पीस विस्कटेल. आता दोन बोटांत धरून खालून वर हळूच बोटे फिरवा. तंतू पुन्हा जुळून येतील. ही जादू नव्हे. प्रत्येक तंतूवर आणखी बारीक तंतू असतात व त्यांना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. हे आकडे एकमेकांत अडकतात आणि पीस सलग होते. पावसाचा थेंब अशा पिसावरून घरंगळून जातो.

सिल्की जातीच्या कोंबडीला ही सोय मिळालेली नाही. तिच्या पिसांत आकडे नीट तयार होत नाहीत. तंतू सुटे राहतात आणि अंगावर मऊ केसांसारखे पसरतात. म्हणूनच तिचे नाव सिल्की, म्हणजे रेशमी.  ही जात मूळची चीनकडची समजतात. मार्को पोलो हा प्रवासी तेराव्या शतकात चीनला गेला होता. तिथल्या कोंबड्यांच्या अंगावर मांजरासारखे केस असतात, असे त्याच्या प्रवासवर्णनात आले आहे. ऐकणाऱ्यांना ती थापच वाटली असेल!

या कोंबडीची कातडी व हाडे काळसर असतात. आपल्या देशातील झाबुआची कडकनाथ कोंबडीही अशीच काळी असते. पण कडकनाथची पिसे साधी, सलग असतात. सिल्कीच्या पायाला मात्र चारऐवजी पाच बोटे असतात. स्वभावाने ती फार गरीब. खुडूक झाली की बदकाची अंडीसुद्धा मायेने उबवते.

अशी गोजिरवाणी कोंबडी हौशी लोक आपल्याकडेही पाळतात. पण कोकणातल्यासारखा पाऊस तिला सोसत नाही. पाणी थेट कातडीपर्यंत जाते. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. भिजलेल्या अंगाने ते टिकत नाही. ती गारठते आणि पिल्लू असेल तर दगावतेही. नुसत्या रूपावर भाळून ही कोंबडी आणू नये, असे मला वाटते. आधी खुराडे पाहावे.

सिल्कीला उडता येत नाही. ती उंच दांडीवर न बसता जमिनीवरच इतरांना बिलगून झोपते. म्हणून खुराड्याची जमीन अंगणापेक्षा वीतभर तरी उंच हवी. पावसाची झड येते त्या बाजूला ताडपत्री लावावी, पण वरची फट मोकळी ठेवावी. हवा कोंडली की ओल वाढते. खाली भाताचे तूस पसरावे. मूठभर तूस दाबून पाहावे. त्याचा गोळा झाला तर ते बदलावे. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे असावे, नाहीतर डोक्यावरचा तुरा भिजून डोळ्यांवर येतो.

इतके करूनही एखादी भिजलीच, तर तिला आडोशाला आणून जुन्या सुती कापडाने टिपावे. चोळू नये. मग उबदार जागी ठेवावे. थोड्या वेळाने ती वरून सुकलेली दिसते. तेवढ्यावर तिला सोडू नये. पोटाखाली हात घालून पाहावे. सर्वांत शेवटी तेच सुकते.