एका गुलामाचे चित्र

स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या पदरी दिएगो वेलास्केस हा थोर चित्रकार होता. त्याच्या चित्रशाळेत हुआन दे पारेखा नावाचा आफ्रिकी वंशाचा गुलाम राबत असे. गुलाम म्हणजे धन्याची मालमत्ता. त्याला स्वतःची अशी इच्छा असते, हेच त्या काळी कोणी मानीत नसे.

इ. स. १६५० मध्ये वेलास्केस रोम शहरी होता. तेथे त्याने पारेखाचे चित्र रंगविले, तसेच पोप दहावे इनोसंट यांचेही रंगविले. पोप तांबड्या रेशमी वस्त्रांत उच्चासनावर बसलेले आहेत. पारेखाजवळ आसन नाही की अधिकारचिन्ह नाही. तरीही त्याची मान ताठ आहे. सावळ्या मुद्रेवर लाचारीचा लवलेशही नाही. त्याचे डोळे पाहणाराच्या डोळ्यांना थेट भिडतात. अधिकार आसनामुळे येत असेल. पण तेज माणसाच्या ठायीच असते, हे त्या चित्राने दाखविले.

परंतु हे तेज ज्याने ओळखले, तोच त्याचा धनी होता! त्याच वर्षी नोव्हेंबरात वेलास्केसने मुक्तिपत्रावर सही केली. मात्र आणखी चार वर्षे सेवा करण्याची अट घातली.

पुढे पारेखा स्वतः चित्रकार झाला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचे १६६१ सालचे एक भव्य चित्र आहे. त्याच्या एका कडेला त्याने स्वतःलाच उभे केले आहे. हातात एक कागद आहे, आणि त्यावर त्याचे स्वतःचे नाव आहे.