गाण्यांसाठी नवा संगणक : आधी हिशोब, मग खरेदी

धडगाव-अक्कलकुव्याकडची होळीची, लग्नाची गाणी आपण रेकॉर्ड करून घरच्या संगणकात ठेवतो. तो संगणक जुना झाला, तर नवा कसा निवडायचा?

आधी जागा मोजू. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल मिनिटाला साधारण १० एमबी घेते, १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण १ एमबी. म्हणजे ५ मिनिटांची १००० गाणी वेव्हमध्ये ५० जीबी, एमपी३मध्ये ५ जीबी. पण एमपी३ करताना आवाजाचा काही भाग कायमचा जातो. म्हणून मूळ फाईल कधी पुसू नका.

५०० जीबीची डिस्क भरपूर झाली. घरच्या वायफायवरून मोबाईलवर गाणी ऐकायला महागडा प्रोसेसर लागत नाही, नेटचा डेटाही खर्च होत नाही. वीज वारंवार जात असेल, तर चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप बरा.

वाचलेल्या पैशात दुसरी हार्ड डिस्क घ्या, तिच्यात सगळ्याची प्रत करा आणि ती नातेवाइकांकडे ठेवा. सिनेमाचं गाणं पुन्हा मिळेल. आजीनं पावरीत म्हटलेलं गाणं कुठून आणणार?

स्वाध्याय : ३ मिनिटांच्या २०० गाण्यांना वेव्हमध्ये किती जागा लागेल?